गोशुइन आणि गोशुइनची वही : असाकुसातल्या सेवेचं परीक्षण

जाड जपानी कागद, त्यावर एक-दोन लाल शिक्के, शिक्क्यांवरून काळ्या शाईत ब्रशने ओढलेली अक्षरं आणि तारीख. याला गोशुइन म्हणतात. बौद्ध मंदिरात किंवा शिंतो देवस्थानात, म्हणजे जिंजात, दर्शन घेतल्यावर ते आपल्या वहीत लिहून मिळतं. पूर्वी सर्रास ३०० येन घेत, आता बहुतेक ठिकाणी ५०० घेतात. सोनेरी शाईची, रंगीत किंवा दोन पानं व्यापणारी खास गोशुइनं हजार येन आणि त्याच्याही पुढे जातात. जपानी लोकांच्या धर्माबद्दल, आणि त्याहून जास्त त्यांच्या 'आम्हाला धर्म नाही' या म्हणण्याबद्दल ज्याला खरंच समजून घ्यायचं आहे, त्याने दहा लेख वाचण्याआधी ही वही विकत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. जपानमधली ही सर्वांत प्रामाणिक धार्मिक सेवा आहे. फक्त तिच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे आधी माहीत हवं.

सुरुवात तोक्योच्या असाकुसा भागातून करावी. सेन्सोजी हे बौद्ध मंदिर, त्याला खेटून असलेलं असाकुसा जिंजा आणि तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर सुमिदा नदीजवळच्या टेकडीवरचं मात्सुचियामा शोदेन, अशी तीन अगदी वेगळ्या स्वभावाची ठिकाणं एका सकाळीत होतात.

आधी वही. तिला गोशुइनचो म्हणतात. साधी डायरी, चित्रकलेची वही किंवा रेल्वे स्थानकांचे शिक्के गोळा केलेली वही पुढे केली तर लिहून देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वही मंदिरातच मिळते, कागदाच्या नि स्टेशनरीच्या दुकानांतही मिळते. किंमत साधारण १००० ते २५०० येन. माप दोन प्रकारचं असतं : १६ × ११ सेंटीमीटर आणि १८ × १२ सेंटीमीटर. मोठी घ्यावी. कारण आयतं लिहून ठेवलेलं सुटं पान बऱ्याच ठिकाणी मोठ्या मापाचं असतं. ते छोट्या वहीत बसवायला कडा कापाव्या लागतात आणि मग शिक्क्याची किनार जाते. बांधणी घडीची, पंख्यासारखी उलगडणारी असावी. दोऱ्याने शिवलेली वही लिहिणाऱ्यासमोर सपाट राहत नाही. कागद दुपदरी आहे ना हे बोटांनी चाचपून बघावं. एकपदरी कागदावर शाई मागच्या बाजूला उतरते आणि वही एकाच बाजूने वापरावी लागते. दुपदरी असली तर दोन्ही बाजू मिळून पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस पानं होतात. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण प्रवासात उपयोगी, पण वही पुढे करताना काढून ठेवायचं. पहिलं पान पुष्कळ जण इसे इथल्या, जपानमधल्या सर्वांत मानाच्या जिंजासाठी कोरं सोडतात. हा नियम नाही, पण पद्धत सुंदर आहे.

आता क्रम. आधी दर्शन, मग गोशुइन. गर्दीच्या ठिकाणी मात्र आधी वही देऊन नंबराचा बिल्ला घ्या, दर्शन करून या, अशी सोय असते; तिथली पाटी वाचावी. जिंजात तोरीच्या कमानीपाशी किंचित वाकायचं, वाटेच्या मधोमध न चालता कडेने जायचं. पाण्याच्या कुंडापाशी ओगराळं उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची, डावा हात पुन्हा धुवायचा आणि शेवटी ओगराळं उभं करून उरलेल्या पाण्याने त्याची मूठ धुवायची. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. हे सगळं एकदा भरलेल्या पाण्यात होतं. मग पेटीत नाणं, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं मागणं, पुन्हा एकदा नमस्कार. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही. उदबत्ती, नाणं, हात जोडून नमस्कार, बस्स. सेन्सोजीच्या मुख्य मंडपात अनेक पाहुणे टाळ्या वाजवतात. कोणी रागवत नाही, पण ती चूक आहे.

सेन्सोजीत गोशुइन मुख्य मंडपात मिळत नाही. मंडपाच्या डाव्या अंगाला, पश्चिमेकडे, योगोदो नावाची इमारत आहे, तिथे जायचं. वही नेमक्या पानावर उघडून, लिहिणाऱ्याच्या बाजूने सरळ धरून, दोन्ही हातांनी द्यायची. सुटे पैसे आधीच मोजून ठेवायचे. दहा हजारांची नोट काढणं इथे अगदी अशोभनीय. लिहिताना फोटो काढायचा नाही, मोबाइलवर बोलायचं नाही. वही परत मिळाली की आपलीच आहे ना हे लगेच पाहायचं. एकसारख्या वह्या बदलतात. शाई ओली असते म्हणून मध्ये एक पातळ टिपकागद घालून देतात, तो तसाच राहू द्यावा. घाईने वही पिशवीत कोंबली की समोरच्या पानावर लाल डाग पडतो, तो जात नाही.

पानावर काय असतं ते नीट पाहण्यासारखं आहे. उजवीकडे आदराने पूजन केल्याची नोंद, मध्ये देवतेचं किंवा मंडपाचं नाव, डावीकडे जपानी राजवर्षाप्रमाणे तारीख (२०२५ म्हणजे रेइवा ७) आणि मंदिराचं नाव. बऱ्याच बौद्ध मंदिरांत मधल्या शिक्क्यात बीजाक्षर असतं, आणि ते सिद्धम् लिपीत असतं. ही लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. देवनागरी आणि सिद्धम् दोन्ही ब्राह्मीच्याच वंशातल्या, त्यामुळे मराठी वाचकाला थोडं निरखल्यावर वळण ओळखीचं वाटतं. कानोन म्हणजे अवलोकितेश्वर, त्याचं बीज 'स'. अमिदा म्हणजे अमिताभ बुद्ध, त्याचं 'ह्रीः'. जपानी भाविकाला बहुधा त्याचा उच्चार येत नाही आणि आपल्याला येतो.

या पानावर एक गोष्ट मात्र कुठेच नसते : तुमचा विश्वास. अमुक तारखेला हा माणूस इथे येऊन नतमस्तक झाला, एवढीच साक्ष ते पान देतं. मूळ पद्धत याहून कडक होती. हाताने उतरवलेलं बौद्ध सूत्र मंदिराला अर्पण करायचं आणि त्याची पोच म्हणून शिक्का घ्यायचा. देशातल्या ६६ प्रांतांत सद्धर्मपुंडरीक सूत्राची एकेक प्रत पोहोचवत फिरणारे यात्रेकरू अशा पोचपावत्या जमवत. सूत्र उतरवण्याची अट बहुतेक ठिकाणी गळून पडली, पण पोचपावतीचा स्वभाव राहिला. पावती कृतीची असते, मताची नाही.

हे कळलं की आकडे कोड्यात टाकत नाहीत. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचं सांगितलं, ३६ टक्क्यांनी आहे म्हटलं. आणि जपान सरकारच्या धर्मविषयक वार्षिकीत सगळ्या धर्मसंस्थांनी कळवलेले अनुयायी एकत्र केले तर बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पुढे जाते. यात लबाडी नाही. जिंजा आपल्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्यांना आपली माणसं धरतं, बौद्ध मंदिर आपल्याकडे नोंदलेल्या घराण्यांतली सगळी माणसं मोजतं. एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो आणि पाहणीवाल्याला 'धर्म नाही' म्हणून सांगतो. मंदिराची घराण्यांशी ही बांधणी एदो काळातली (१६०३-१८६८). ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, आणि आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला प्रत्येक घराने कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव लावायचं होतं. मंदिराकडे घराण्यातल्या मृतांची वही असते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती कल्पना लगेच येईल. म्हणून आजही अनेकांना आपल्या घराण्याचा पंथ कोणता, हे आजी-आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळीच पहिल्यांदा कळतं.

'धर्म नाही' असं सांगण्यामागे भीतीही आहे, आणि ती उगाच नाही. धर्म म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे सभासद करणारी, पैसे मागणारी, घर तोडणारी संघटना येते. २० मार्च १९९५ ला ओम् शिनरिक्यो या पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंची हत्या झाली, आणि मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला दिलेल्या प्रचंड देणग्यांचा विषय देशभर पेटला. त्याच वर्षाच्या अखेरीस देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा झाला. त्याआधीचा डागही आहेच : दुसरं महायुद्ध संपेपर्यंत राज्यसत्तेने शिंतो स्वतःच्या कामाला जुंपला होता, आणि डिसेंबर १९४५ च्या आदेशाने तो सरकारपासून तोडावा लागला. ज्याच्या घरात हे सगळं माहीत आहे तो माणूस अनोळखी पाहणीवाल्याला 'हो, मी धार्मिक आहे' असं कशाला सांगेल? गोशुइनच्या खिडकीवर त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नाव नाही, पत्ता नाही, नंतर फोन नाही. या सेवेवर लोकांचा जो विश्वास आहे तो याच कारणाने.

असाकुसा जिंजाचं पान घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आख्यायिकेप्रमाणे ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन मच्छीमार भावांच्या जाळ्यात कानोनची मूर्ती आली आणि गावच्या प्रमुखाने ती घरात स्थापली. ते दोघे आणि तो प्रमुख हेच या जिंजाचे देव. म्हणजे ज्यांना बौद्ध मूर्ती सापडली ते शेजारी कामी, म्हणजे शिंतो देव, होऊन बसले, आणि शतकानुशतकं दोघांचा संसार एकच होता. १८६८ मध्ये मेइजी सरकारने कामी आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. त्या हुकमामुळे एका अंगणात टाळी वाजवायची नाही आणि दुसऱ्यात वाजवायची. मंदिराची आणि जिंजाची पानं वेगळ्या वह्यांत ठेवावीत का, असं नेहमी विचारलं जातं. बहुतेक ठिकाणी एकच वही चालते. पण क्वचित एखादा लिहिणारा मिश्र वही परत करतो; म्हणून ज्याला पुढे बरंच फिरायचं आहे त्याने दोन घ्याव्यात.

मात्सुचियामा शोदेन मराठी माणसाने चुकवू नये. इथली देवता कांगितेन, म्हणजे आपला गणपती, बौद्ध तंत्रमार्गाने जपानला पोहोचलेला. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला उघडत नाहीत. इथे नैवेद्य मुळ्याचा. देवळातच पांढरा जाडजूड मुळा विकत मिळतो, तो वेदीवर ठेवायचा. मुळा हे मनातल्या क्रोधाच्या विषाचं प्रतीक मानतात, ते देवापुढे टाकून द्यायचं. एकमेकांत गुंफलेले दोन मुळे आणि पैशाचा बटवा ही चिन्हं आवारात जागोजागी कोरलेली दिसतात. वाहिलेल्यातले मुळे प्रसाद म्हणून घरी न्यायला ठेवलेले असतात. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो आणि शिजवलेला मुळा लोकांना वाटतात. क्योतोत याच देवतेसाठी बटव्याच्या आकाराची, आत मसाल्याचं डाळीचं पुरण भरून तिळाच्या तेलात तळलेली मिठाई करतात. ती पाहून तळणीचा मोदक आठवला नाही असं होणार नाही. टेकडी चढवत नसेल त्यांच्यासाठी लहानशी रूळगाडी आहे. सेन्सोजीच्या रेटारेटीनंतर इथली खिडकी शांत मिळते, लिहिणाऱ्याला वेळ असतो आणि अक्षरही निवांत येतं. तिन्ही ठिकाणांत माझी पसंती याला.

आता नकार कुठे मिळतो ते. जोदो शिनशू हा जपानमधल्या सर्वांत मोठ्या बौद्ध पंथांपैकी एक. त्याची मंदिरं सहसा गोशुइन देत नाहीत. कारण सिद्धान्ताचं आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, अमिदाच्या कृपेनेच तरतो, असं पंथाचा संस्थापक शिनरान याचं सांगणं. मग भेटींची पुण्यं शिक्क्यांत मोजायची कशाला? त्याऐवजी काही ठिकाणी आपल्या हाताने उमटवायचा आठवणीचा शिक्का ठेवलेला असतो. तोक्योतलं त्सुकिजी होंगानजी याच पंथाचं. शिक्क्याचा नाद सोडून तरी तिथे जावं. १९३४ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत इतो चूता यांनी भारतीय बौद्ध शैलीत बांधली, आणि दर्शनी भागावरची कमान पाहून कार्ले-अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची ओळख पटते. निचिरेन पंथाची गोष्ट वेगळी. तिथे गोशुइनऐवजी 'नामु म्योहो रेंगे क्यो' हा मंत्र लिहून देतात, पण त्यासाठी फक्त त्याच पंथाची वेगळी वही लागते. मिश्र वही दिली तर अनेक ठिकाणी मंत्र न लिहिता साधं पान देतात, क्वचित नकारही देतात. हे नकार मला या सेवेचं बलस्थान वाटतात. पैसे घेऊन सगळ्यांना सगळं देणारं दुकान हे नाही, हे त्यातूनच दिसतं.

दुकान कुठे सुरू होतं याचं उत्तर जपानच्या करखात्याने देऊन ठेवलं आहे. ताईत, देवाच्या पाट्या, भविष्याच्या चिठ्ठ्या यांवर मिळणारी रक्कम मूळ खर्च वजा जाता दानच असते, म्हणून तो व्यापार धरला जात नाही. पण बाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या वस्तू त्याच भावात विकल्या तर तो व्यापार. सचित्र पोस्टकार्डं आणि की-चेनबरोबर शिक्के घ्यायची कोरी वहीसुद्धा त्या यादीत आहे. कोऱ्या वहीला किंमत असते आणि तिच्यावर उमटलेल्या शिक्क्यासाठी दान. म्हणूनच शिक्क्याच्या पैशांत घासाघीस करू नये, आणि 'पाचशेत एवढंच?' असं तर मुळीच म्हणू नये.

सेवेतले दोष दोन, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, आयती पानं. पुजारी बाहेर असेल, गर्दी असेल, नववर्षाचे पहिले तीन दिवस असतील, तर आधी लिहून ठेवलेलं सुटं पान मिळतं, त्यावर फक्त तारीख घालतात. कधी सगळं छापीलच असतं. लहान जिंजांत एकच पुजारी अनेक देवस्थानं सांभाळतो, तिथे फोन न करता गेलं तर दार बंद. खिडक्या साधारण ९ ते ४ किंवा ५ उघड्या असतात. चारच्या आत पोहोचावं. सुटं पान चिकटवायला पाणीदार डिंक वापरू नये, कागद आकसतो. काडीचा गोंद किंवा चिकटपट्टीसारखा कोरडा गोंद कडांना पुरतो. दुसरा दोष जास्त बोचणारा : मर्यादित काळापुरती, ऋतूची, सणाची, चमकदार गोशुइनं. ती काढल्याने लहान देवस्थानांना उत्पन्न मिळतं हे खरं. जपानमध्ये बौद्ध मंदिरं सुमारे ७६ हजार आणि जिंजा सुमारे ८० हजार आहेत, आणि खेडी ओस पडत असताना त्यांतली कितीतरी जेमतेम तग धरून आहेत. पण त्यामुळे दर्शन न घेता सरळ खिडकीवर धावणारे वाढले. १ मे २०१९ ला, रेइवा काळाच्या पहिल्या दिवशी, तोक्योच्या मेइजी जिंगूत नुसत्या तारखेसाठी तासन् तास रांगा लागल्या, आणि तीच पानं इंटरनेटवर चढ्या भावाने विकायला आली. विकत घेतलेल्या गोशुइनला काडीचाही अर्थ नाही. ज्याने घेतलं तो तिथे गेलाच नव्हता.

मग ज्याचा देवावर विश्वासच नाही त्याने ही वही घ्यावी का? जपानमध्ये विचारपूर्वक नास्तिक झालेली माणसं होऊन गेली. नाकाए चोमिन या विचारवंताने मृत्यू समोर दिसत असताना देव नाही, आत्मा नाही असं लिहिलं, आणि १९०१ मध्ये त्याला कोणत्याही धर्मविधीशिवाय निरोप देण्यात आला. पण असा ताठ नास्तिक तिकडे विरळाच. आपल्याकडे नास्तिक माणूस बहुधा घरच्यांशी वाद घालून नास्तिक झालेला असतो; तिथल्या 'धर्म नाही' म्हणणाऱ्याला कोणाशी वाद घालावा लागलेला नसतो, आणि १ जानेवारीला तो सहकुटुंब जिंजाच्या रांगेत उभा असतो. तेव्हा उत्तर असं : वाकून नमस्कार करणं ज्याला त्या जागेविषयीचा, ती राखणाऱ्यांविषयीचा आदर म्हणून जमेल, त्याने जरूर घ्यावी. ज्याला ते खोटं वाटेल त्याने घेऊ नये. लिहिणारा पूजन केल्याची नोंद करतो. ती खोटी ठरवणं त्याच्यावर अन्याय आहे. अशांनी आवार पाहावं, नाणं टाकावं, पुढे जावं.

असाकुसा झाल्यावर पुढची पायरी शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेची. तिथली वही वेगळी, प्रत्येक मंदिराचं पान आधीच ठरलेलं. एप्रिल २०२४ पासून तिथेही ३०० चे ५०० येन झाले, आणि खिडकी सकाळी ७ ऐवजी ८ ला उघडते; पायी चालणाऱ्यांनी दिवसाचं गणित त्याप्रमाणे मांडावं. दुसऱ्या फेरीला नवी वही घ्यायची नसते. त्याच पानावर पुन्हा शिक्का मारून घेतात. पुष्कळ फेऱ्या झालेल्या वहीत काळी अक्षरं लाल रंगाखाली बुडून जातात.

भरलेली वही कोरड्या जागी, आडवी, जड वस्तूखाली न दाबता ठेवावी. जपानच्या दमट उन्हाळ्यात कागदाला बुरशी धरते. पुस्तकांच्या फळीवर चालते, जमिनीवर नको. नको झाली तर रद्दीत न टाकता मंदिराच्या जुन्या पवित्र वस्तू स्वीकारणाऱ्या जागी द्यावी, पण वह्या घेतात का ते आधी विचारावं. अनेक घरांत ती मृताबरोबर शवपेटीत ठेवतात. जाड पुस्तक नीट जळत नाही, राख उरते, म्हणून काही दहनगृहं वह्यांना मनाई करतात. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीला हे आधीच विचारून घ्यावं.